श्वासांची नोंद

रत्नागिरी
बुधवार, ७ फेब्रुवारी २००१

तार ऑफिसात सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या पोचवल्या. आज माझी आली, तीही फोनने.

सकाळी अकराच्या सुमाराला साहेबांनी आत बोलावलं. "मालनबाई, परदेशातून आहे तुम्हाला." पलीकडे एक बाई होती. इंग्रजी स्वच्छ, पण शब्द सुटा सुटा. तिचं पहिलंच वाक्य: रघू जिवंत आहे. मग बाकीचं. गेंड्याने उडवलं. उजव्या मांडीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. विमानाने नैरोबीला नेलं आहे, आज ऑपरेशन. शेवटी पुन्हा एकदा, तो जिवंत आहे. मी नाव विचारायच्या आत लाइन तुटली.

कोण असेल ती असो, बातमी कशी सांगावी हे तिला कळतं. आमच्याकडे नवीन येतात त्यांना मी हेच शिकवते. माणूस आहे की गेला ते आधी, बाकीचं मागाहून.

रघू माझा भाऊ, सतरा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि बाबा बोटीवर. मी एकोणीस वर्षांची. गुरांचा डॉक्टर झाला, चार वर्षं इकडे नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी केनियात गेला. तिथे सिलांगा नावाचं एक राखीव रान आहे, त्यात काळे गेंडे सांभाळतात. त्यांचा तो डॉक्टर. लोकांना मी 'आफ्रिकेत आहे' एवढंच सांगते. गेंड्यांचा डॉक्टर म्हटलं की हसतात.

दुपारी डबा उघडला नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

रघूचा आवाज ऐकला. औषधाने जड झालेला. "आक्का, घाबरू नको. हाडात सळी घातलीय. येऊ नको हां, मी बरा आहे."

येऊ नको म्हणाला तेव्हाच ठरलं. लहानपणी ताप आला की तो असाच सांगायचा, शाळेत जातो, मी बरा आहे.

शेजारची हफीजा संध्याकाळी आली. तिचा नवरा रशीद पंधरा वर्षं गल्फात आहे, त्यामुळे पासपोर्ट-विमान म्हणजे तिच्या घरात बाजारहाट. "पासपोर्ट हाय ना गो तुझा?" आहे. चार वर्षांपूर्वी रघूने बोलावलं होतं तेव्हा काढला होता. गेले नाही. रजा नव्हती.

खरं लिहायचं तर रजा होती. तिथे त्याचं घर नीट चाललेलं बघायला नको होतं.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज लांज्याला जाऊन आले. डॉ. सखाराम तोडणकरांचा तिथे गुरांचा खाजगी दवाखाना आहे. वय सत्तर. गुडघ्यांमुळे गोठ्यात वाकता येत नाही. मागे एकदा ते म्हणाले होते, तुझा भाऊ आला तर दवाखाना त्याच्या हाती देऊन मोकळा होईन. आज तेच विचारायला गेले.

"येईल तो?" त्यांनी विचारलं.

"आता येईलच," मी म्हटलं. "पाय मोडल्यावर कोण राहतंय रानात."

ते म्हणाले, मे महिन्यापर्यंत थांबतो. येताना एसटीत खिडकीशी बसले आणि सगळा हिशोब मनात लावला. लांजा सव्वा तासावर. सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळी घरी. राजापूरची एक मुलगी आहे, बालवाडीत शिकवते, तिच्या मावशीशी बोलणं झालं आहे.

शनिवार, ३ मार्च

पिवळ्या तापाची सुई टोचून झाली. ऑफिसचा परवानगीचा कागद आला. बॅगेत कुळथाचं पीठ, कोकमं, कोळंबीचे सुके सोडे. हफीजा म्हणाली, सोडे काढ, विमानतळावर वास येईल. काढले नाहीत.

कोकण रेल्वेने मुंबई, तिथून परवा विमान. हफीजाचा दीर फहाद विमानतळावर सोडील. घराची किल्ली हफीजाकडे.

सिलांगा, केनिया
मंगळवार, ६ मार्च

पोचले. नैरोबीहून जीपने पाच तास. रघू पायरीवर कुबड्यांवर उभा. वाळला आहे. दाढी ठेवली आहे, तिच्यात पांढरे केस. मी चेहऱ्याला हात लावला. तो म्हणाला, "आक्का, तुला सोड्यांचा वास येतो."

इथे थंडी आहे. बर्फाचा एक डोंगर दिसतो. मला वाटलं आफ्रिका म्हणजे घामाच्या धारा.

गुरुवार, ८ मार्च

चाळीस हजार एकरांचं रान, भोवती तारेचं कुंपण. पूर्वी इथे गोऱ्यांचं गुरं पाळायचं शेत होतं. आत हत्ती, झेब्रे, जिराफ, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते काळे गेंडे. एकतीस. रघू म्हणाला, तीस वर्षांपूर्वी सगळ्या केनियात वीस हजार होते, आता चारशेच्या आसपास उरलेत. शिंगासाठी मारले. प्रत्येकाला नाव आहे, आणि प्रत्येकामागे रोज माणसं चालतात, सकाळी कुठे दिसला, काय खाल्लं, सगळं लिहून ठेवतात. मी विचारलं, माणसांचं एवढं कोण लिहून ठेवतं? तो हसला.

त्याला उडवलं ती मादी आहे. नाव नासेरियान. म्हणजे म्हणे शांती. पाठीशी पिल्लू होतं, वारा फिरला, तिला याचा वास आला. "चूक माझी," तो म्हणतो. त्याला उडवलं ते उडवलं, वर हा तिची बाजू घेतो.

लोक मला 'मामा रघू' म्हणतात. पहिल्या दिवशी वाटलं रघूला मामा म्हणतात. मग कळलं, मामा म्हणजे इथे आई. रघूची आई. मी सांगितलं, मी बहीण. म्हातारा लेकुटा, इथला सगळ्यात जुना माग काढणारा, मान हलवून हसला आणि पुन्हा मामा रघूच म्हणाला. दोन वाक्यं इंग्रजीत बोलला, ती अशी की रघूने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आई रत्नागिरीत असते, तारा पाठवते.

मला त्याने हे कधी सांगितलं नाही.

रानातल्या माणसांशी बिनतारी बोलणं चालतं त्या रेडिओ खोलीची मुख्य एक बाई आहे, न्जेरी. पहिलं अक्षर नाकातच राहतं. तिशीची असेल, उंच, केस अगदी बारीक कापलेले. फोन केला होता तो हिनेच. त्याबद्दल मी आभार मानले. पण ही बाई दिवसातून चार वेळा घरात येते. टॉवेल कुठल्या फळीवर ते तिला माहीत. आज जेवणात भाजी होती, तिने रघूच्या ताटातल्या वांग्याच्या फोडी न विचारता काढून आपल्या ताटात घेतल्या. वांग्याने त्याचं अंग खाजतं, हे खरं. पण इथल्या लोकांना परक्याच्या घरात वावरायचा संकोच कसा तो नाहीच.

रविवार, ११ मार्च

आज लांज्याचं सांगितलं. मुद्दाम कुळथाची पिठी केली होती, भात केला होता. तो जेवत असताना सगळं क्रमाने सांगितलं. तोडणकर, दवाखाना, मेपर्यंतची मुदत, सकाळची एसटी. राजापूरचंही सांगून टाकलं.

तो बराच वेळ भात कालवत राहिला.

"आक्का, तिथे काय करू मी?"

"गुरं आहेत की. म्हशी आहेत, बैल आहेत. जनावर ते जनावर."

"हो. ते आहे."

"आणि मी आहे."

त्याने वर बघितलं. मग म्हणाला, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे हो. बाबा बोटीवरून आले की मी काही मागितलं तर बघू म्हणायचे. मिळायचं कधीकधी.

तोडणकरांना पत्र टाकायला हवं.

बुधवार, १४ मार्च

रघू सकाळी सातला कुबड्या टेकत रेडिओ खोलीत जातो, तिथून माणसांना सूचना देतो, दुपारी येतो, पुन्हा जातो. मी घरात. केर काढते. केर नसतो. पुढच्या झाडावर माकडं येतात, त्यांच्याशी मराठीत बोलते.

वाटलं होतं इथे तरी माझी कुणी वाट बघत बसलेलं असेल.

शुक्रवार, १६ मार्च

आजचं सगळं लिहायचं आहे, जसं झालं तसं.

सकाळी सव्वासातला न्जेरी धावत आली. नासेरियानच्या पुढच्या पायात फास अडकला होता. हरणांसाठी कुणीतरी तारेचा फास लावला असेल, त्यात हिचा पाय. तार मांसात रुतलेली. लेकुटाने रेडिओवर सांगितलं, पाय टेकत नाही, पिल्लू सोबत आहे. दुसरा डॉक्टर दोन दिवस नैरोबीत. रघू म्हणाला, मी जाणार. न्जेरीने पेटी उचलून गाडीत ठेवली.

माणसं कमी होती. निम्मी दुसऱ्या टोकाला कुंपणावर होती. रघूने माझ्याकडे बघितलं. "आक्का, तुला वेळेची नोंद ठेवता येते. दर मिनिटाला श्वास मोजायचे आणि लिहायचे. येशील?" चौतीस वर्षांत त्याने माझ्याकडे काम म्हणून मागितलेलं हे पहिलं काम.

रानात गाडी थांबवली. त्याने गाडीतच बसून दोन-दोन हातमोजे घातले आणि बाणात गुंगीचं औषध भरायला घेतलं. न्जेरी त्याच्या अगदी जवळ उभी राहिली, एक भरलेली सुई हातात घेऊन. मी विचारलं, ही कशाला? रघूने मान वर न करता सांगितलं, "हे औषध थेंबभर जरी माझ्या कातडीत गेलं तरी मी काही मिनिटांत जाईन. गेलं तर तिने ती उताऱ्याची सुई मला मारायची. दर वेळी तीच उभी राहते."

औषध भरून होईपर्यंत मी तिला बघत होते. तिचे डोळे त्याच्या बोटांवरून एकदाही हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही.

मग गाडीतूनच बाण मारला. नासेरियान धावली, तीन पायांवर, मागे आमची गाडी, काटेरी झुडपं मोडत. सहा-सात मिनिटांनी ती अडखळली आणि बसली, मग कुशीवर कलंडली. लेकुटाची गाडी पिल्लाला अडवायला मध्ये गेली. ते पिल्लू ओरडतं ते वासरासारखं नाही, बारीक, शिट्टीसारखं. एवढ्या मोठ्या जनावराच्या पिल्लाचा एवढा बारीक आवाज.

डोळ्यांवर फडकं बांधलं, कानांत बोळे घातले. मला तिच्या तोंडाशी बसवलं, मांडीवर पाटी, डाव्या हातात घड्याळ, उजवा हात तिच्या नाकपुडीसमोर. कातडी वाळलेल्या चिखलासारखी, पण नाकपुडीची कड मऊ, ओली. श्वास गरम. गवताचा वास. हिनेच माझ्या भावाचा पाय मोडला आणि मी हिच्या श्वासाला हात धरून बसले होते.

रघूला गुडघ्यावर बसता येत नाही. तो सरळ मातीत पालथा पडला आणि तिच्या पायापाशी सरकला. न्जेरी त्याच्या कुशीला दिवा आणि चिमटे घेऊन. पक्कडीने तार तोडत होते.

"आक्का, आकडा?"

"सहा."

"आकडा?"

"सहा... पाच."

असं चाललं होतं. आवाज त्याचा, पण मी ओळखत नव्हते असा. घाई नाही, राग नाही, आर्जव नाही. घरी तो माझ्याशी नेहमी काहीतरी लपवल्यासारखा बोलतो. इथे काहीच लपवत नव्हता.

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी हातावर श्वास आला. मग आला नाही.

मी वाट बघितली. दहा सेकंद. पाच-सहा श्वास मिनिटाला म्हणजे तेवढं थांबावंच लागतं. पंधरा. वीस.

इथे मला खरं लिहायचं आहे. विसाव्या सेकंदाला मला कळलं होतं. मी ओरडले नाही. मनात आलं, ही गेली तर हा मोकळा होईल. शब्द आले नाहीत, नुसतं रत्नागिरीचं घर दिसलं, दार, आणि त्याच्या चपला. घड्याळाचा काटा दिसत होता. पंचवीस. तीस. तिकडे पिल्लू तसंच बारीक ओरडत होतं.

"रघू! श्वास नाही!"

"कधीपासून?"

"चाळीस सेकंद."

मग सगळं एकदम. त्याने मातीतून सरपटत येऊन कानाच्या शिरेत अर्धं उताऱ्याचं औषध दिलं, न्जेरीने प्राणवायूची नळी नाकात सारली, चौघांनी तिचं अंग हलवलं. मी काय केलं? तिच्या नाकाडावर थापा मारत होते आणि ओरडत होते, "घे गो! घे श्वास! बाय माझी, घे!" इतक्या मोठ्याने की लेकुटा गाडीतून उठून बघायला लागला.

आला. इतका मोठा की पाटीवरचा कागद उडाला.

तार निघाली. जखम धुतली. उरलेलं औषध देऊन आम्ही सगळे गाडीत. ती उठली, डुलली, पिल्लू धावत येऊन तिच्या पोटाशी लागलं. दोघं झुडपात गेली.

परतताना रघूने कागद मागितला. मी वेळा जशा होत्या तशा लिहिल्या होत्या. शेवटचा श्वास ९.५२. डॉक्टरला सांगितलं, त्यानंतर ४० सेकंदांनी. त्याने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

शनिवार, १७ मार्च

काही बोलला नाही. मी तोडणकरांना पत्र लिहायला घेतलं, फाडलं.

मंगळवार, २० मार्च

उद्या निघायचं. संध्याकाळी पायरीवर दोघंच बसलो होतो. डोंगरावरचं बर्फ लाल झालं होतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी उशिरा ओरडले."

"माहीत आहे."

"कसं?"

"कागदावर तूच लिहिलंयस की. वीस सेकंदांनी सांगायला हवं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू वीस लिहिलं असतंस तर बोललो असतो." मग म्हणाला, "इथे माणसं आकडा बदलतात, आक्का. चूक झाकायला. तू नाही बदललास."

मला रडू आलं. त्याने पाठीवर हात ठेवला, जसा मी त्याच्या ठेवायची तसा. हा उलटा हिशोब मला झेपत नाही.

"तोडणकरांना मी सांगते," मी म्हटलं. "दुसरा कुणी बघा म्हणून."

"मी बघू म्हटलं होतं..."

"ते मला कळलं होतं," मी म्हटलं. कळलं नव्हतं.

त्याने तोंड उघडलं, आणखी काहीतरी होतं. न्जेरी दिवा घेऊन आली आणि ते राहिलं.

बुधवार, २१ मार्च. नैरोबी विमानतळ

रघूला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून न्जेरी सोडायला आली. पाच तासांत फार बोललो नाही. आत जाताना तिने मला मिठी मारली आणि सोडीच ना. तिचं अंग थरथरत होतं. बहुधा तिला आई नसावी.

रत्नागिरी
रविवार, २५ मार्च

घरात शिरले तर आतली हवा शिळी. उद्या पाडवा. हफीजाने दूध आणून ठेवलं होतं. मी तीन आठवडे नव्हते तरी काही बदललेलं नाही, कॅलेंडरसुद्धा फेब्रुवारीवरच होतं.

गुढी एकटीने उभारायची म्हणजे काठी धरायला दुसरं माणूस लागतं. खिडकीच्या गजाला बांधेन.

गुरुवार, ५ एप्रिल

लांज्याला जाऊन तोडणकरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." सगळ्यांना आधीच वाटलेलं असतं. त्यांनी चहा दिला आणि एका म्हशीची गोष्ट सांगितली, मध्येच विसरले. निघताना म्हणाले, "तुम्ही तिथे काय केलंत?" मी म्हटलं, गेंड्याचे श्वास मोजले. ते हसले नाहीत. "वेळ चांगला गेला म्हणायचा," म्हणाले.

संध्याकाळी हफीजाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चाळीस सेकंद सोडून. ती भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली,

"तिला वांग्याचं कसं कळलं गो?"

"कुणाला?"

"त्या रेडिओवालीला. आनि टॉवेलाचं. आनि सुई घेऊन दर वेळेला तीच उभी ऱ्हाते?"

"काम आहे तिचं."

हफीजाने माझ्याकडे बघितलं. मग तव्यावरची भाकरी उलटली. "मालन," ती म्हणाली, "माझा घोव पंधरा वर्षं लांब हाय. बाईमानूस कुनाच्या बोटांकडं कसं बगतंय ते मला तू सांगू नको."

घरी आले. दिवा न लावता बसले. ते थरथरणं आठवलं. ती निरोप देत नव्हती. ती काहीतरी मागत होती, आणि मी तिच्या पाठीवर दोन थापा मारून आत गेले, पासपोर्ट शोधत.

सहा वर्षांत त्याने मला सांगितलं नाही. राग आला. मग वाटलं, सांगणार कसा? मी त्याला विचारल्या त्या फक्त राजापूरच्या मुली.

रविवार, ८ एप्रिल

रघूचा फोन रविवारी साडेतीनला येतो. आला. लाइन खराब होती, खरखर. तो काहीतरी म्हणाला, मी "काय?" म्हटलं, तो म्हणाला, "काही नाही, पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी मी विचारावं की त्याची वाट बघावी? आठवडाभर इंग्रजी वाक्यं जुळवते आहे. तू आम्हाला परकी नाहीस. हे इंग्रजीत म्हटलं की सरकारी कागद वाटतो.

शुक्रवार, १३ एप्रिल

आज सुट्टी. हफीजा माहेरी गेली आहे. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलले नाही, आत्ता लक्षात आलं. सकाळी चहा, दुपारी चहा-पाव. रांधलं नाही. हे गेल्या आठवड्यातही दोनदा झालं.

तार ऑफिसात लोक म्हणतात, मालनबाई, आफ्रिकेहून आल्यापासून बारीक झालात. हवामान, मी म्हणते.

रविवार, १५ एप्रिल

साडेतीनला फोन. आज लाइन स्वच्छ.

एक कुबडी सुटली. नासेरियान लंगडते पण चरते, पिल्लू बरोबर आहे. तोडणकरांनी काय म्हटलं ते मी सांगितलं.

"आक्का, एक सांगायचं होतं."

"सांग."

नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मी किती वेळ थांबणार? एकदा थांबून बघितलं आहे.

"रघू," मी म्हटलं, "तिला दे फोन."

"कुणाला?"

"शेजारीच उभी असेल ना ती. दे."

मग एक हुंदका की हसू, कुणाचं ते कळलं नाही. आणि मग, "हॅलो, आक्का."

आठवडाभर जुळवलेली वाक्यं. एकही आठवेना. तोंडातून निघालं, "जेवलीस काय गो?"

म्हटलं, आता हिला काय कळणार. पण ती थांबली आणि एकेक शब्द सुटा काढत म्हणाली, "जेवले. तुम्ही जेवलात?"

कधी शिकली? किती दिवसांपासून शिकते आहे? माझ्यासमोर पंधरा दिवसांत मराठीतला एक शब्द नाही बोलली. तिलाही माझी भीती वाटत असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

'हो' म्हणणार होते. म्हणाले, "नाही. एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो." हे मी हफीजाला सांगितलेलं नाही. रघूला तर नाहीच.

एवढं मोठं तिला कळलं नाही. तिने त्याला विचारलं, तो लांबून तिला तिच्या भाषेत सांगत होता. मग ती परत आली.

"आक्का, आधी जेवा. मग मी फोन करते."

"तू?"

"मी."

कुकर लावून हे लिहायला बसले आहे. पहिली शिट्टी झाली. आता उठायला हवं. तिचा फोन येईल तेव्हा जेवले असं खरं सांगता आलं पाहिजे.